मोटारीची जन्मपत्रिका

आपल्या घरांत माळ्यावर किंवा देवघराच्या कोनाड्यांत एखादी जुनी वस्तु असते. ती कोणी आणली, केव्हां आणली, तिच्यांत मूळचें किती आणि मागाहून जोडलेलें किती, हें घरांतील एखाद्या वडील माणसास ठाऊक असतें. तें माणूस गेलें म्हणजे वस्तु तेवढी राहते आणि तिची हकीकत नाहींशी होते. मग पेशवाईंतील समई म्हणून जी आपण पाहुण्यांस कौतुकानें दाखवितों, ती कदाचित् आजोबांनीं तुळशीबागेंतून आणलेली असावयाची! यांत लबाडी कोणाचीच नसते. परंतु तीच समई विकावयास निघाली कीं, या अज्ञानाची किंमत कोणाला तरी रोकडी मोजावी लागते.

हा विचार सुचण्यास कारण झाली एक मोटार. पुण्यांतील आमच्या एका स्नेह्यांचे चिरंजीव कांहीं वर्षांपासून नोकरीनिमित्त अमेरिकेंत कॅलिफोर्निया राज्यांत सहकुटुंब राहतात. त्यांस जुन्या मोटारींची हौस. गेल्या वर्षीं १९६५ सालची, घडीच्या टपाची, म्हणजे तिकडे जिला कन्व्हर्टिबल म्हणतात अशी, एक तांबडी फोर्ड मस्टँग त्यांच्या पाहण्यांत आली. विकणाऱ्या गृहस्थांचें म्हणणें असें कीं, ही गाडी सर्वांत जोरदार अशा 'के' एंजिनाची आहे, हिचा साज 'जी. टी.' जातीचा आहे, आंतील बैठक उंची प्रकारची आहे, आणि अशी दुसरी गाडी जगांत नाहीं. किंमतही अर्थात् तशीच होती. घरासाठीं म्हणून बाजूस टाकलेल्या शिलकेंतून ती द्यावी, असें चिरंजिवांनीं मनांत आणलें. सूनबाईंनीं या बेतास विरोध केला नाहीं, त्यांनीं एवढेंच विचारलें कीं, "हें सर्व खरें कशावरून?"

या प्रश्नाचें उत्तर चिरंजिवांजवळ नव्हतें. त्यांनीं वडिलांस लिहिलें, आणि आम्हांस या विषयाचा नाद आहे हें ठाऊक असल्यामुळें वडील तें पत्र घेऊन आमच्याकडे आले. सूनबाईंचा तो प्रश्न जुन्या वस्तूंच्या बाबतींत सर्वच घरांनीं विचारण्याजोगा आहे. म्हणून त्याचें उत्तर कसें शोधलें, हें वाचकांस थोडें विस्तारानें सांगावेंसें वाटतें.

प्रथम गाडीचें कुळ पाहूं. फोर्ड कंपनीनें मस्टँग ही मोटार १७ एप्रिल १९६४ रोजीं न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनांत लोकांपुढें मांडली. बंद छपराच्या साध्या गाडीची मूळ किंमत २,३६८ डॉलर. मध्यम स्थितींतील तरुण कुटुंबास परवडेल अशी ही गाडी असल्यामुळें तिच्यावर लोकांची उडी पडली, आणि पहिल्या बारा महिन्यांत ४ लाख १८ हजारांवर गाड्या खपल्या. १९६५ सालच्या म्हणून गणलेल्या एकंदर ६,८०,९८९ मस्टँग निघाल्या. त्यांपैकीं घडीच्या टपाच्या १,०१,९४५. पुढें या टपाच्या गाड्यांची संख्या उतरत गेली. १९६६ सालीं ती ७२,११९ होती, १९६८ सालीं २५,३७६, आणि १९७० सालीं अवघी ७,६७३.

या आंकड्यांवरून एक गोष्ट ध्यानांत येईल. टप उघडतो एवढ्यावरून १९६५ ची मस्टँग दुर्मिळ ठरत नाहीं. एक लाखावर भावंडें असलेल्या मुलास एकुलता एक कसें म्हणावें? तिची दुर्मिळता असेलच तर ती तिच्या पोटांत आहे: कोणतें एंजिन, कोणता गिअर, कोणता साज. कारण गिऱ्हाइकानें लांबलचक यादींतून आपल्या पसंतीचे जिन्नस निवडावे आणि कारखान्यानें त्याप्रमाणें गाडी बांधावी, हीच या गाडीच्या विक्रीची मुख्य खुबी होती. एकाच रांगेंतून गरीब शिक्षिकेची सहा नळकांड्यांची गाडी आणि शर्यतीच्या शौकिनाची आठ नळकांड्यांची गाडी एकापाठोपाठ बाहेर पडे. दोघींचें रूप पुष्कळसें सारखें. म्हणूनच पहिलीस दुसरीचे दागिने घालून मिरविणें सोपें जातें.

सुदैवानें कारखान्यानें प्रत्येक गाडीबरोबर तिची जन्मपत्रिका दिलेली आहे. चालकाचें दार, म्हणजे अमेरिकेंतील गाडीचें डावें दार, उघडलें कीं त्याच्या मागच्या कडेस रिवेटनें ठोकलेली धातूची एक लहान पाटी दिसते. तिच्यावर दोन ओळी असतात. खालच्या ओळींत गाडीचा क्रमांक; वरच्या ओळींत सांगाडा, रंग, बैठकीचा साज, बांधणीची तारीख, विक्रीचा जिल्हा, मागचा आंस आणि गिअर यांचीं चिन्हें. तोच गाडीचा क्रमांक बॉनेट उघडल्यावर डाव्या मडगार्डाच्या आंतील पत्र्यावरही ठोकलेला आढळतो.

आम्हीं या पाटीचें, पत्र्यावरील क्रमांकाचें, चाकांचें आणि एंजिनाचें अशीं चार छायाचित्रें मागविलीं. आठ दिवसांत तीं आलीं, आणि आम्ही भिंग घेऊन पत्रिका मांडावयास बसलों.

क्रमांकाचा आरंभ असा होता: ५, आर, ०८, सी, आणि पुढें सहा आंकडे. पहिला ५ म्हणजे १९६५ साल. आर म्हणजे कॅलिफोर्नियांतील सॅन होजे येथील कारखाना. तेथें एफ असता तर डिअरबॉर्न, आणि टी असता तर मेटचेन. ०८ म्हणजे घडीच्या टपाची गाडी. हा आंकडा फार महत्त्वाचा आहे. बंद छपराच्या गाडीस ०७ आणि उतरत्या पाठीच्या गाडीस ०९ हा आंकडा असतो. छप्पर कापून टपाची बनविलेली गाडी या दोन आंकड्यांतच पकडली जाते. शिवाय छप्पर काढलें कीं सांगाड्याचा जोर कमी होतो. तो भरून काढण्यासाठीं कारखाना टपाच्या गाडीस तळाशीं जादा पत्र्यांचा आधार देत असे; कापून केलेल्या गाडींत तो सहसा नसतो. आमच्या गाडीचा आंकडा ०८ होता. म्हणजे जन्मतःच ती टपाची, एवढें सिद्ध झालें.

परंतु त्यापुढचें अक्षर सी! सी म्हणजे २८९ घन इंचांचें, २०० अश्वशक्तीचें साधें आठ नळकांड्यांचें एंजिन. २२५ अश्वशक्तीच्या एंजिनास ए हें अक्षर, आणि विक्रेते गृहस्थ ज्याची ग्वाही देत होते त्या २७१ अश्वशक्तीच्या एंजिनास के. सबंध १९६५ सालांत के एंजिनाच्या सर्व प्रकारच्या मस्टँग मिळून सात हजारांहून थोड्याच अधिक निघाल्या. म्हणून के आणि सी यांच्या किंमतींत आज मोठें अंतर पडतें.

मग विक्रेत्यांस के कोठें दिसला? आम्हीं पुन्हां वरची ओळ पाहिली आणि उलगडा झाला. तारखेच्या घरांत "२०के" असें लिहिलें होतें. फोर्डच्या पद्धतींत महिन्यास अक्षर असतें. ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी, याप्रमाणें. आय हें अक्षर एक या आंकड्यासारखें दिसतें म्हणून गाळलेलें. त्यामुळें जे म्हणजे सप्टेंबर आणि के म्हणजे ऑक्टोबर. ही गाडी २० ऑक्टोबर १९६४ या तारखेची! त्या गृहस्थांनीं, किंवा त्यांच्याही आधींच्या मालकानें, महिन्याच्या जागीं असलेला के एंजिनाचा समजून घेतला होता. कन्येची रास वाचावयाची ती वाराच्या घरांत वाचावी, तसाच हा प्रकार झाला.

बाकीच्या घरांनींही हीच साक्ष दिली. सांगाड्याचें चिन्ह ७६ए. ७६ म्हणजे टपाची गाडी आणि ए म्हणजे साध्या सुट्या बैठका. ज्या बैठकांच्या पाठींवर धांवत्या घोड्यांचें उठावाचें चित्र असतें, त्या उंची साजास ७६बी हें चिन्ह असतें, आणि तो साज निघाला १९६५ च्या वसंतांत. म्हणजे ऑक्टोबर १९६४ मध्यें जन्मलेल्या या गाडीस तो मूळचा असणें शक्य नव्हतें. घोडे मागाहून येऊन बसले होते. रंगाच्या घरांत जे, म्हणजे रंगून रेड या नांवाचा तांबडा रंग; तो जुळला. जिल्हा ७१, म्हणजे लॉस एंजल्स. गिअरच्या घरांत ६, म्हणजे आपोआप बदलणारा गिअर. आणि १९६५ सालीं के एंजिन फक्त हातानें बदलण्याच्या चार गिअरांबरोबरच मिळे, ज्याचें चिन्ह ५. एका खोट्यास दुसरें खरें कधीं साथ देत नाहीं, याचें हें चांगलें उदाहरण आहे.

राहिला जी. टी. साज. येथें वाचकांनीं सावध असावें, कारण जी. टी. चें कोणतेंही चिन्ह पाटीवर नसतें. पुढच्या जाळींत धुक्याचे दोन दिवे, अंगावर पट्टे, मागच्या पत्र्यांतून तुतारीसारख्या बाहेर येणाऱ्या धुराच्या नळ्या, पुढच्या चाकांस डिस्क ब्रेक, असा हा साज. हे सर्व जिन्नस आज नवे करून मिळतात आणि कोणाही कुशल कारागिरास बसवितां येतात. म्हणून येथें अनुमानानें जावें लागतें. हा साज कंपनीनें मस्टँगच्या पहिल्या वाढदिवशीं, एप्रिल १९६५ मध्यें जाहीर केला. आणि तो फक्त ए किंवा के एंजिनाबरोबरच मिळे. तेव्हां १९६४ सालीं बांधलेल्या सी एंजिनाच्या गाडीस तो कारखान्यांतून मिळणें दोन्ही बाजूंनीं अशक्य.

पाटी बोलली एवढ्यावर थांबणें मात्र शहाणपणाचें नव्हे. नव्या पाट्या करून मिळतात, आणि दार तर सबंधच बदलतां येतें. म्हणून दारावरचा क्रमांक आंतील पत्र्यावरच्या क्रमांकाशीं ताडून पाहावा. त्यानंतर सुटे भाग पाहावे. त्या काळीं साध्या एंजिनावर गाडीचा क्रमांक ठोकीत नसत. परंतु ओतीव लोखंडावर ओतल्याची तारीख मात्र असे. एक आंकडा सालाचा, एक अक्षर महिन्याचें आणि पुढें दिवस. एंजिन आधीं ओतलें जाणार आणि गाडी मागाहून बांधली जाणार. म्हणून भागांवरील तारखा गाडीच्या तारखेच्या कांहीं दिवस किंवा कांहीं आठवडे आधींच्या असाव्या. मागाहूनची तारीख निघाली तर तो भाग खात्रीनें बदललेला. वर्षभर आधींची निघाली तरी संशय घ्यावा. आमच्या गाडीच्या एंजिनावर "४जे" असें निघालें, म्हणजे सप्टेंबर १९६४. चाकांस प्रत्येकी पांच नट होते. सहा नळकांड्यांच्या गाडीस चार नट असत. त्यामुळें पुष्कळ वेळां सोंग घेतलेली गाडी केवळ नट मोजूनच ओळखतां येते. आमची गाडी या परीक्षेंत उतरली. एंजिन साधें खरें, पण तिचेंच असण्यास कोठेंही बाध येत नव्हता.

येथें आणखी एका भेदाकडे लक्ष वेधावेंसें वाटतें. मूळचा जिन्नस आणि त्या काळचा जिन्नस, हे दोन निराळे. सुकाणूच्या खांबावर बसविण्याचें फेऱ्यांचें माप आणि घड्याळ, ज्यास रॅली-पॅक म्हणत, तें कारखान्यांतूनही येई आणि विक्रेत्याच्या दुकानांतूनही बसवून मिळे. दुकानांत बसविलेलें तें खोटें नव्हे. सासरीं घातलेला दागिना माहेरचा नसला म्हणून कोणी त्यास खोटा म्हणत नाहीं. फक्त तो माहेरचा म्हणून सांगूं नये. तसेंच टायर, पट्टे आणि टपाचें कापड या झिजणाऱ्या वस्तु. साठ वर्षांचें मूळ कापड टिकावें अशी अपेक्षा कोणी करीत नाहीं. टप विजेच्या पंपानें उघडत होता कीं हातानें, हें मात्र विचारावें, कारण पंप हा जादा पैसे देऊन घेण्याचा जिन्नस होता.

आतां "जगांत अशी दुसरी नाहीं" या दाव्याचा विचार करूं. हा दावा बहुधा खोटा नसतो. तो निरर्थक असतो. एक लाख टपाच्या गाड्यांतून तांबड्या वेगळ्या काढा, त्यांतून काळ्या बैठकीच्या, त्यांतून आपोआप गिअरच्या, त्यांतून अमुक आंसाच्या, त्यांतून लॉस एंजल्स जिल्ह्याच्या, त्यांतून त्याच दिवशीं बांधलेल्या. चाळणी बारीक करीत गेलें तर शेवटीं एकच गाडी हातीं राहणार. प्रत्येक मनुष्याच्या पत्रिकेंतील घटका-पळें निराळीं असतात. म्हणून प्रत्येक मनुष्य अवतारी पुरुष ठरत नाहीं. जी निवड त्या काळींच थोड्यांनीं केली आणि जिच्यामुळें गाडीचा स्वभाव बदलला, तीच खरी दुर्मिळता.

तशी खरी दुर्मिळ गाडी पाहावयाची तर प्लिमथची पाहावी. प्लिमथ हें नांव मुंबईकरांस नवें नाहीं. कुर्ल्यास वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कारखान्यांत त्या गाड्या जोडल्या जात. त्याच कंपनीनें अमेरिकेंत बाराकुडा गाडीच्या 'कुडा' या प्रकारांत ४२६ घन इंचांचें प्रचंड हेमी एंजिन बसवून घडीच्या टपाच्या गाड्या काढल्या, त्या १९७० सालीं १४ आणि १९७१ सालीं सुमारें डझनभर. विम्याचे दर चढलेले आणि किंमत भारी. त्यामुळें त्या वेळीं गिऱ्हाईकच मिळालें नाहीं. २०१४ सालीं सिअ‍ॅटल येथील लिलावांत १९७१ ची अशी एक गाडी ३५ लाख डॉलरांस गेली! अशा गाडीस पाटीबरोबर आणखी एक साक्षीदार असे. बांधणीच्या वेळीं कामगारांसाठीं जिन्नसांची यादी छापलेला कागद गाडीबरोबर फिरे, आणि पुष्कळदां तो मागच्या बैठकीच्या स्प्रिंगांत तसाच राहून जाई. कित्येक वर्षांनीं बैठक उसवतांना तो चुरगळलेला कागद निघाला म्हणजे मालकास पुरलेला हंडा सांपडल्यासारखें होतें.

सर्व कंपन्यांनीं आपलें दप्तर सारखें जपलें नाहीं. पाँटिअ‍ॅकच्या गाड्यांचीं जुनीं बिलें शिल्लक असल्यानें त्यांच्या नकला मिळतात. फोर्डच्या १९६७ पासूनच्या गाड्यांची कारखान्याची नोंद अमेरिकेंतील मार्टी या संस्थेकडून मिळते. त्याआधींच्या दोन वर्षांच्या मस्टँगांस ती सोय नाहीं. अमेरिकेंत बांधलेल्या शेव्हरोलेटच्या बाबतींत तर बहुधा घरगुती कागदांवरच भिस्त ठेवावी लागते. शिकागोकडील एका तरुण शिक्षिकेनें १५ एप्रिल १९६४ रोजीं, म्हणजे गाडी जाहीर होण्याच्या दोन दिवस आधीं, निळी टपाची मस्टँग विकत घेतली. ती अनेक वर्षें घराच्या गाडीखान्यांत बंद पडून होती. परंतु कुटुंबानें खरेदीचा कागद जपून ठेवला होता. त्या कागदावरील तारखेमुळेंच अमेरिकेंत गिऱ्हाइकास विकली गेलेली पहिली मस्टँग म्हणून तिचें नांव झालें. लोखंड गंजलें होतें. कागदानें मान मिळवून दिला.

आम्हीं जें आढळलें तें सविस्तर लिहून पाठविलें, आणि शेवटीं असेंही लिहिलें कीं, विक्रेत्यांस लबाड म्हणूं नये. त्यांनींही ही गाडी याच बोलण्यावर भारी किंमतीस घेतलेली असण्याचा संभव आहे. चिरंजिवांनीं तो कागद त्यांच्यापुढें ठेवला. गृहस्थ म्हातारे होते. त्यांनीं दार उघडून पाटीवरचा के बराच वेळ पाहिला आणि, "बारा वर्षें मी हें सर्वांना सांगत आलों," एवढेंच म्हणाले. पंधरा दिवस त्यांच्याकडून कांहीं कळलें नाहीं. नंतर त्यांनीं आपण होऊन साध्या सी गाडीची किंमत सांगितली आणि व्यवहार झाला.

धुक्याचे दिवे आणि पट्टे आतां काढून टाकले आहेत. घोड्यांच्या बैठका सूनबाईंस आवडल्या म्हणून तशाच ठेवल्या आहेत. परंतु गाडीच्या पुढच्या खणांत एका पाकिटांत त्यांच्याच हस्ताक्षरांत एक यादी आहे: मूळचें काय, त्या काळचें काय, मागाहूनचें काय, आणि काय कळलें नाहीं. गाडी विकली तर ती यादीही गाडीबरोबर द्यावयाची, असें दोघांनीं ठरविलें आहे.

आमच्या वाचकांपैकीं मस्टँग विकत घेणारे थोडेच असतील. परंतु समई, पेटी, पैठणी, आजोबांचें घड्याळ यांपैकीं कांहीं तरी प्रत्येक घरीं आहे, आणि त्याची हकीकत ज्यांस ठाऊक आहे अशीं वडील माणसेंही कांहीं घरांत अजून आहेत. आज रात्रीं जेवणें झाल्यावर त्यांच्याजवळ बसावें आणि एका कागदावर तीं सांगतील तें उतरून घ्यावें. न आठवेल तेथें जागा कोरी सोडावी. अंदाजानें भरूं नये.